वळणापर्यंतचा सूर

मी गाव सोडलं त्या सकाळी मला पोचवायला एस.टी. स्टँडवर अख्खा बँड आला होता. लाल कोट, खांद्यावर पिवळे झुपके, टोपीत तुरा. चाळीस माणसं होती असं मी इकडे सगळ्यांना सांगत आलोय. लिहिताना मात्र बारावर येतो, कारण त्या बारांतले पाच-सहा अजून आहेत आणि हे वाचून माझी कॉलर धरतील. आणि खरं सांगायचं तर ते मला पोचवायलाही आले नव्हते. त्यांना लोहारा गावी एका लग्नाला जायचं होतं आणि त्यांची गाडी माझ्या गाडीनंतर अर्ध्या तासाने होती.

बँड आमच्या अब्बांचा. अब्बा क्लॅरिनेट वाजवायचे, मी साइड ड्रम. माझी पुण्याची गाडी लागली, मी ट्रंक टपावर चढवली, खिडकीत येऊन बसलो आणि बघतो तर अब्बांनी पेटी उघडून क्लॅरिनेटचे तुकडे जोडायला घेतलेले. रीड, म्हणजे तोंडाकडची वेताची पट्टी, जिभेवर भिजवली. मला वाटलं, लग्नाआधी सूर तपासतायत. तर त्यांनी पाठवणीची धून धरली.

ज्यांनी आमचा बँड ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग्न लागलं, जेवणं उरकली, नवरी जीपमध्ये बसली की आमची बाकी सगळी वाद्यं गप्प व्हायची. एकटे अब्बा चार पावलं पुढे जायचे आणि जीप हलल्यापासून ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत वाजवायचे. ही धून कुठल्या सिनेमातली नव्हती. सुरुवात त्या वर्षी जे गाणं गल्लोगल्ली चालू असेल त्याची, म्हणजे पाहुण्यांना ओळखीचं वाटावं. मग अब्बा ते गाणं मध्येच वाटेवर सोडून द्यायचे आणि वर चढत जायचे, चढत जायचे, आणि सगळ्यात वरच्या टोकाला एक सूर धरून उभे राहायचे. जीप वळेपर्यंत. गाल फुगवून त्यात हवा साठवायची आणि वाजवता वाजवता नाकाने श्वास घ्यायचा, अशी त्यांची युक्ती होती. मी लोकांना सांगायचो की अब्बांना तीन फुप्फुसं आहेत. चिंचवडमधल्या एका कंपाउंडरने ते खरं मानलं होतं.

तर ही नवरीची धून, आणि खिडकीत मी. एकवीस वर्षांचा, मिशीला नुकतीच धार आलेली. कंडक्टरने दारातून वाकून विचारलं, "मास्तर, नवरी कुठाय?" अब्बांनी वाजवता वाजवताच हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. गाडी इतकी हसली की एका बाजूला कलली. मी लाजेने काळा पडलो आणि खिडकीची काच ओढून घेतली. गाडी हलली. जिनिंगच्या कारखान्याशी वळण आहे, तिथपर्यंत काचेतून काहीतरी बारीक येत राहिलं. मग नाही.

अब्बांच्या क्लॅरिनेटबद्दल मी आयुष्यभर थापा मारल्या. एका वरातीत घोडा रडला. दुसऱ्या वरातीत रुसून बसलेला नवरदेवाचा मामा नाचत मांडवात आला आणि पोचल्यावर त्याला आठवलं की आपण रुसलो होतो. या थापाच. पण हे खरं आहे, की नवं गाणं त्यांना एकदाच ऐकावं लागायचं. गावात तंबूतला सिनेमा आला की ते तिकीट न काढता तंबूमागे बिडी ओढत उभे राहायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या वरातीत ते गाणं वाजायचं. रेडिओवर ते नंतर यायचं. त्यामुळे आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांची पक्की समजूत होती, की सिनेमावाले मास्तरांची गाणी चोरतात.

मला शिकवताना त्यांचं एकच वाक्य असायचं. घरात आम्ही दखनी बोलतो, तर ते म्हणायचे, "पहले गिन रे. सूर बाद में." आधी मोज. चार मोज, आठ मोज, तुझी काठी कधी पडणार ते काठीच्या आधी तुला कळलं पाहिजे. मग माझा हात जड म्हणून कपाळावर हात मारायचे आणि दुसऱ्यांना सांगायचे, "इसका हात गधे का है, लेकिन कान है इसको." कान आहे याला. तेवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्याबद्दल चारचौघांत चांगली सांगितली.

चाकणला कंपनीत मला घेतलं ते हातांसाठी. प्रेस शॉप. पत्र्याची शीट आत सरकवायची, वरून दोनशे टनांचा घाव पडतो, आणि खालून मोटारीच्या दाराचा पत्रा होऊन बाहेर येतो. पहिल्या दिवशी मला वाटलं भूकंप झाला. दुसऱ्या दिवशी वाटलं भूकंप बरा, तो थांबतो तरी. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की प्रेस चारच्या मोजणीत चालते. एक, दोन, तीन, घाव. मग मला करमायला लागलं. हातात पाना असला की मी मधल्या मात्रा रेलिंगवर वाजवायचो. कंपनी कानात घालायला नारिंगी बोळे द्यायची, दोरी लावलेले. मी ते कानांतून काढून ठेवायचो. बोळा घातला की ताल ऐकू यायचा नाही ना. ते गळ्यात ताईतासारखे लोंबायचे. हे मी स्वतःच्या हाताने केलं, दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

खोली आकुर्डीला, स्टेशनच्या बाजूला. निगडीहून कंपनीची बस मिळायची. सुरुवातीला त्या बसमध्ये ड्रायव्हरचा एकच टेप होता आणि त्यावरून महाभारत. मराठवाड्याला त्याची गाणी हवीत, कोकणाला त्याची, बिहारच्या पोरांना त्यांची. मी मात्र सगळ्यांना तुच्छ मानायचो, आमच्याकडे गाण्याला माणूस लागतो, मशीन नाही, असं ऐकवायचो. मग मोबाइल आले, प्रत्येकाच्या कानात वायरी आल्या, मग वायरीही गेल्या. आता त्याच बसमध्ये चाळीस माणसं, चाळीस गाणी, आणि आवाज फक्त गिअरचा. कुणाशी भांडायचं?

अब्बा फोनवर विचारायचे, "तिकडे काय चालतं रे सध्या?" मी ठोकून द्यायचो, "क्लॅरिनेटला फार मागणी आहे इकडे. खंडेनवमीला आमची कंपनी बँड बोलावते, मशीनच्या पूजेला." ते खूश व्हायचे. खरं काय होतं, ते मी शेळकेमामांच्या पुतण्याच्या वरातीत पाहिलं होतं. शेळकेमामा माझ्याच प्रेसवर, मूळचे मावळातले, चाकणजवळ राहणारे. ज्या शेतावर कंपनी उभी राहिली त्यातला एक तुकडा त्यांचा होता, म्हणून त्यांना नोकरी मिळालेली. मामा सांगायचे, "आपली प्रेस हाय ना, तितं माझी ईहीर व्हती." त्या वरातीत दोन ट्रक भरून डॉल्बीच्या भिंती. छातीचा पिंजरा हलतो, पाण्याचा ग्लास टेबलावरून चालत जातो. गाणं कोणतं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण पोरं खूश होती आणि मी पण नाचलो. खोटं का बोलू.

पुढे गावीही तेच. ज्या घरातल्या तीन लेकींची पाठवणी अब्बांनी केली होती, त्यांनी चौथीला डॉल्बी आणला. अब्बा आमंत्रण होतं म्हणून जेवायला गेले होते. मी फोनवर विचारलं, मग पाठवणीला काय केलं? ते म्हणाले, "कुछ नहीं. जीप निकली, तो बटन बंद कर दिया."

एवढंच. बँडबद्दल त्यानंतर त्यांनी मला फोनवर काही सांगितलं नाही.

आता माझ्या सगळ्यात मोठ्या हुशारीची गोष्ट. ही मी कंपनीत छाती फुगवून सांगायचो.

वर्षातून एकदा कानांची तपासणी व्हायची. गेटजवळ मोठी गाडी येऊन उभी राहायची, तिच्यात काचेची खोली. आत बसायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक पिक् असा आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे एक बाई मशीन चालवायची. आमच्यात तेव्हा कुजबुज होती, की ज्याचा कान खराब निघेल त्याला लाइनीवरून काढतात, आणि लाइनीवरून निघाला की कंत्राट पुढे चालू राहत नाही. खरं होतं की नाही, कुणी विचारायला गेलं नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी मी त्या खोलीत बसलो तर पिक् येईचना. बसलोय, वाट बघतोय, बाई काचेतून माझ्याकडे बघतेय.  आणि मग मला तिचं कोपर दिसलं.

बाई बटण दाबायची तेव्हा कोपर कणभर हलायचं. आणि ती दाबायची ते मोजून. तिलाही माहीत नसेल. दिवसभर शे-दीडशे कान तपासणारं माणूस शेवटी तालावरच येतं. तीन मात्रा रिकाम्या, चौथीवर कोपर. मी मोजायला लागलो. चौथी आली की दाबायचो. मध्ये एखादी मुद्दाम सोडायचो, म्हणजे संशय नको. रिपोर्ट आला, दोन्ही कान उत्तम.

मी हे सगळ्या लाइनीला शिकवलं. कॅन्टीनमध्ये ताटावर चमचा वाजवून. शेळकेमामांना ताल म्हणजे काय ते सात जन्मांत कळलं नसतं, पण मी त्यांना उखळातल्या मुसळाचे ठोके मोजायला लावलं आणि त्यांना जमलं. मामांचे कान तोवर पार गेलेले. ते म्हणायचे, "गेलं तर गेलं रं. बायकू काय बोलती ते तरी ऐकाया नगं." त्या वर्षी आमच्या लाइनीचे कान सगळ्या चाकण पट्ट्यात पहिले आले असतील. सेफ्टीच्या साहेबांनी आमचा फोटो काढला. प्रेसभोवती आवाज अडवणारे जाड पडदे लावायचं घाटत होतं, मापंसुद्धा घेऊन गेले होते. रिपोर्ट एवढे चांगले म्हटल्यावर ते मागे पडलं. मापं घेतल्याच्या खडूच्या रेघा बरीच वर्षं जमिनीवर होत्या.

हे मी हसत सांगायचो. लोकही हसायचे. आता त्या लाइनीतली माणसं एकमेकांना भेटली की ओरडून बोलतात.

घरी ते आधी बायकोच्या लक्षात आलं. नसीमा म्हणायची टीव्ही किती मोठा करता, मी म्हणायचो टीव्ही जुना झालाय. नवा आणला. तोही जुना निघाला. मुलगी मुस्कान लाडात येऊन हळू बोलायची ते मी सोडूनच दिलं, नुसतं हो म्हणायचो. त्यात तिने माझ्याकडून दोन सहली आणि एक सायकल मंजूर करून घेतली.

मग अब्बा आले. बँड बंद झालेला. लाल कोटांचं काय झालं विचारलं तर म्हणाले, एक चहाटपरीवाला घालतो थंडीत, दोन शेतात उभे आहेत, पाखरं हाकायला. रविवारची दुपार होती, नुकतं जेवण झालेलं. मुस्कान म्हणाली, "दादा, वाजवा ना, मी रेकॉर्ड करते." आमच्यात आजोबांना दादा म्हणतात. अब्बांनी पेटी उघडली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये भिंतीला टेकून बसले आणि पाठवणीची धून धरली.

खालचे सूर मला आले. जाडसर, गोड, लाकडाचे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला बरं वाटलं, की चला, हे अजून शाबूत आहे. मग धून वर चढायला लागली आणि माझ्यापुरती विरत गेली, माणूस धुक्यात चालत जावा तशी. मी घाबरलो नाही. मला सवय होती. मी त्यांच्या बोटांकडे बघायला लागलो. बोटं मला पाठ होती. कुठली चावी उघडली की कुठला सूर, ते मी लहानपणापासून बघत आलेलो. त्या मापाने मी मान डोलवत गेलो. सगळ्यात वरच्या सुरावर बोटं आली, तिथे थरथरली, आणि मी डोळे अर्धे मिटून म्हणालो, "वा अब्बा, वा."

डोळे उघडले तर नसीमा माझ्याकडे बघत होती. मुस्कान फोन हातात धरून माझ्याकडे बघत होती. अब्बा क्लॅरिनेट ओठांना लावून, बोटं चालवत माझ्याकडे बघत होते. गाल सपाट होते.

त्यांनी फुंकणं केव्हाच थांबवलं होतं.

त्यांनी वाद्य मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "कब से?" मला ते ओठांवरून कळलं. मी तेव्हाही काहीतरी ठोकणार होतो. सर्दी झालीय वगैरे. नाही जमलं. मी सगळं सांगितलं. काचेची खोली, कोपर, चौथी मात्रा. ही एवढी हुशारीची गोष्ट सांगताना पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. अब्बा बराच वेळ तुकडे पुसत बसले. मग पेटी बंद करून मोठ्याने, मला ऐकू जावं म्हणून एकेक शब्द तोडून म्हणाले, "गिनना मैंनेच सिखाया."

मोजायला मीच शिकवलं. मी त्यांना म्हणालो तसं काही नाही अब्बा. पण ते आपल्या बोटांकडे बघत होते.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. आमच्यात जनाज्याला वाद्य नसतं. ज्या माणसाने अख्ख्या तालुक्याच्या लेकी वळणापर्यंत पोचवल्या, त्याला आम्ही नुसते पावलांच्या आवाजात पोचवलं. आणि तो आवाजही मला पायातूनच कळत होता.

त्या वर्षी तपासणीची गाडी आली तेव्हा मी काचेच्या खोलीत डोळे मिटून बसलो. मोजलं नाही. मोजणं थांबवणं किती अवघड आहे ते बँडवाल्यांनाच कळेल. ऐकू आलं तरच दाबलं. दोनदा की तीनदा दाबलं असेल. बाईने मशीन बिघडलं समजून दोन वेळा वायरी बदलल्या. बाहेर आल्यावर शेळकेमामांना सांगितलं तर ते माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागले. "खरं बोललास? ताप हाय का रं तुला?" मग हसले नाहीत. नंतर त्यांनीही डोळे मिटून तपासणी दिली, आणि लाइनीतल्या आणखी तिघांनी. आमची कुणाची नोकरी गेली नाही. मला स्टोअरमध्ये बसवलं. सामान द्यायचं, सही घ्यायची. म्हणजे एवढी सगळी वर्षं मी ज्या भीतीपोटी मोजत होतो ती कुजबुज होती. आता प्रेसभोवती पडदे आहेत. जाड, करडे. त्यांच्या आत नवी पोरं आहेत, त्यांना अजून ऐकू येतं.

डॉक्टरने कानाला लावायचं यंत्र दिलंय. त्यातून भांडी ऐकू येतात, हॉर्न ऐकू येतात, नसीमाचं बोलणं तुकड्या-तुकड्याने येतं. गाणं येत नाही. गाणं म्हणून जे येतं त्यात वाळू असते. मी आता जुनी गाणी डोक्यात वाजवतो, फुकट, हवी तेव्हा, आणि तिथे माझा कान पहिल्यासारखा आहे. अब्बांची धूनही वाजते. सुरुवात, मधलं गाणं सोडणं, चढण. पण परवा लक्षात आलं, की त्या वरच्या सुराचा शेवट मला आठवत नाही. जीप वळली की अब्बा तो तिथेच सोडून द्यायचे, की एक पायरी खाली उतरून थांबवायचे? शेकडो वेळा त्यांच्या मागे ड्रम घेऊन उभा होतो मी. आठवत नाही.

म्हटलं, हरकत नाही, रेकॉर्डिंग आहे. मुस्कान आता कॉलेजला जाते. तिला म्हणालो, तुझ्या फोनमध्ये दादांची धून असेल, ती ऐक आणि शेवटचा सूर कसा संपतो ते मला हाताने करून दाखव. ती ऐकत बसली. मी तिचा हात बघत होतो. खाली गेला, वर आला, आणखी वर, आणि हवेत थांबला. मग तिने फोन बंद केला.

"पुढे?" मी विचारलं.

ती माझ्यासमोर येऊन बसली, म्हणजे ओठ दिसावेत. "पप्पा, पुढे काही नाही. दादा थांबले होते ना तिथे. चाव्यांची नुसती टपटप येते." मग म्हणाली, "आणि तुमचा आवाज येतो. वा अब्बा, वा."

अशी ती गंमत. माझा कान तपासायला त्यांनी नेमका तोच सूर वाजवला नाही. म्हणजे तो माझ्या कानात नाही, आणि ज्यांचे कान धड आहेत त्यांच्यासाठीही नाही. एका सकाळी तो अख्खाच्या अख्खा वाजला होता, सगळ्या तालुक्यात एकट्या माझ्यासाठी, आणि मी काच ओढून बसलो होतो.

म्हणून हे लिहितोय. लाल कोटवाल्यांनो, जे गावात राहिलात त्यांनी वाचा, आणि जे माझ्यासारखे भोसरीला, सुरतेला, कुठे कुठे गेलात त्यांनीही. त्या सकाळी स्टँडवर तुम्ही बारा जण उभे होतात. तुमच्या कानांवर काच नव्हती. गाव आता माझ्यासाठी तुमच्या कानांत आहे, दुसरीकडे कुठेच नाही. तिथलं घर विकलं, स्टँड नवा झाला, जिनिंग पडलं. गाडी वळली तेव्हा मास्तरांनी तो सूर कसा सोडला, कुणाला आठवत असेल तर आकुर्डीला या. नाहीतर मुस्कानला फोन करा आणि गुणगुणून दाखवा. माझ्याशी बोलू नका, मला फोनवर कळत नाही.

ती ऐकत असताना मी तिच्यासमोर बसेन. मोजणार नाही. नुसतं तिच्या तोंडाकडे बघेन.